आगाऊ कोण आणि ते ठरवणार कोण

‘आगाऊ’ हा शब्द मराठीत दोन कामे करतो. एसटीच्या खिडकीवर ‘आगाऊ आरक्षण’ असते, सरकारी आदेशात ‘आगाऊ वेतनवाढ’ येते, दुकानदार मोठ्या मागणीवर ‘आगाऊ रक्कम’ मागतो. इथे अर्थ एवढाच की गोष्ट ठरल्या वेळेच्या आधी झाली. तोच शब्द माणसाला लागला की दोष सांगू लागतो. कुणी विचारले नसताना बोलणारा, पाळी येण्याआधी पुढे सरसावणारा, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणारा, नको तेवढी सलगी करणारा, असा त्याचा अर्थ होतो. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यांत, अहिराणी बोलणारा ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणतो. तिथे ‘आगाऊपणा’चा ‘आगाऊपना’ होतो आणि ‘तू आगाऊ आहेस’चे ‘तू आगाऊ शे’ होते. पैशाच्या व्यवहाराला गावात दुसरा शब्द आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामाआधी जे पैसे देतो ती ‘उचल’. त्यामुळे घरात, शाळेत, पारावर ‘आगाऊ’ ऐकू येतो तो बहुतेक वेळा माणसाविषयीच, आणि रागाने.

शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘अग्र’ आहे. अग्र म्हणजे टोक, पुढचा भाग. प्राकृतात त्याचे ‘अग्ग’ झाले आणि मराठीत ‘आग-’ उरले. पावसाआधी किंवा हंगामाच्या सुरुवातीलाच केलेली ‘आगाप’ पेरणी याच कुळातली. काळात पुढे गेलेले ते आगाऊ, हा पहिला अर्थ. जागेत आणि मानात पुढे गेलेला तो आगाऊ, हा दुसरा. शब्दाचा शेवटही लक्षात घेण्याजोगा आहे. टिकाऊ, लढाऊ, शिकाऊ, विकाऊ या शब्दांतला ‘-आऊ’ वस्तूचा किंवा माणसाचा कायमचा गुण सांगतो. या शेवटामुळे ‘आगाऊ’ त्यांच्याच रांगेत बसतो. म्हणून एखाद्या मुलाला आगाऊ म्हटले की त्याने आज काय केले हे मागे पडते आणि तो कसा आहे हे ठरून जाते.

पुढे असण्याविषयी मराठीचे मन एकसारखे नाही. अग्रणी, अग्रेसर, अग्रगण्य हे शब्द गौरवाचे आहेत. बोलीच्या वळणाचा ‘आघाडी’ हाही मानाचा. ‘पुढे’ या साध्या शब्दापासून एकीकडे ‘पुढारी’ आणि ‘पुढाकार’ झाले, तर दुसरीकडे ‘पुढे पुढे करणे’ झाले. पुढची जागा तीच आहे. लोकांनी दिली तर माणूस पुढारी होतो, स्वतःहून घेतली तर पुढे पुढे करणारा ठरतो. ‘आगाऊ’ या दुसऱ्या गटाचा.

जवळच्या शब्दांशी त्याची गल्लत करू नये. ‘धीट’ संस्कृत ‘धृष्ट’पासून आला. संस्कृतात धृष्ट म्हणजे निर्लज्जपणाकडे झुकणारी धिटाई असलेला. काव्यशास्त्राने नायकाचे अनुकूल, दक्षिण, शठ आणि धृष्ट असे चार प्रकार सांगितले, त्यांतला धृष्ट हा अपराध करूनही न लाजणारा. हिंदीत याच शब्दाचा ‘ढीठ’ झाला आणि तो आजही शिवीकडे झुकतो. मराठीने मात्र ‘धीट’ला वर काढले. धीट मुलगी म्हणजे न घाबरणारी, कौतुक करावे अशी. बऱ्हाणपूरला हिंदीत ‘ढीठ’ म्हटलेले पोर रेल्वेने भुसावळला उतरले की त्याच मूळ शब्दाने शाबासकी मिळवते. ‘साहस’चा प्रवासही असाच आहे. मनुस्मृतीत न्यायाला येणाऱ्या वादांचे अठरा विषय आहेत, त्यांत ‘साहस’ म्हणजे बळजोरीचा गुन्हा. आज ‘साहस’ हे गिर्यारोहकाचे भूषण आहे. अतिधिटाईचे शब्द कायमचे वाईट किंवा कायमचे चांगले राहत नाहीत, याचे हे दोन पक्के पुरावे.

उरलेल्या शब्दांत दिशेचा फरक आहे. ‘उद्धट’ हा बोलण्या-वागण्याच्या रीतीवरचा आक्षेप असून तो कुणालाही लागू पडतो. ‘मुजोर’ मुळात ‘मुंहजोर’, म्हणजे तोंडाचा जोर असलेला. वर्तमानपत्रे तो अधिकाऱ्यालाही लावतात आणि रिक्षाचालकालाही. ‘शिरजोर’ म्हणजे वरचढ झालेला, आणि ‘चोर तो चोर वर शिरजोर’ या म्हणीने त्याची जागा पक्की केली आहे. ‘मगरूर’ बहुधा वर बसलेल्याला. ‘आगाऊ’ मात्र नेहमी खाली उतरतो. आजोबांना कुणी आगाऊ म्हणत नाही. शिपाई साहेबाला मगरूर म्हणेल, आगाऊ म्हणणार नाही.

या शब्दाविषयी दोन पक्ष संभवतात आणि खानदेशातच दोन्ही भक्कमपणे मांडता येतात. खालील संवादात एक पक्ष धुळ्याच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या मराठीच्या शिक्षकाचा आहे, दुसरा जळगावच्या न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाचा. शिक्षकाच्या मते हा शब्द गरजेचा आहे आणि तो बोथट होऊ देऊ नये. वकिलाच्या मते तो दोष कमी सांगतो आणि पायरी जास्त.

शिक्षक : ताई, साठ मुलांच्या वर्गात प्रश्न विचारला की एकच मुलगा दर वेळी उभा राहतो. ज्याला विचारले त्याचे तोंड उघडण्याआधी उत्तर देऊन मोकळा होतो. उत्तर बरोबर असते, बोलणेही सभ्य असते. त्याला उद्धट म्हणता येत नाही, खोटारडा म्हणता येत नाही. पण मागच्या बाकावरची लाजाळू मुलगी वर्षभर एक शब्द बोलत नाही, कारण तिची पाळी रोज कुणीतरी खाऊन टाकतो. या दोषाला नाव काय? मराठीत एकच नाव आहे. ते काढून घेतले तर त्या मुलीची बाजू कुणी मांडायची?

वकील : सर, त्या मुलीची बाजू मांडण्यासाठी हा शब्द वापरला जात असता तर माझी तक्रार नव्हती. तो उलट बाजूने जास्त चालतो. उद्या तीच मुलगी उभी राहिली आणि म्हणाली की फळ्यावरचे गणित चुकले आहे, तर तिला काय म्हणतील? पहिल्याला आगाऊ म्हणणारे तोंड दुसरीलाही आगाऊच म्हणेल. एकाने दुसऱ्याची पाळी घेतली, दुसरीने चूक दाखवली. कामे दोन, शब्द एक. मग शब्दाने नक्की काय सांगितले?

शिक्षक : शब्द वापरणारा चुकला म्हणून शब्द चुकीचा ठरत नाही. न्यायालयात खोटी साक्ष होते म्हणून साक्षीची पद्धत कुणी बंद करत नाही.

वकील : पण साक्ष तपासायला उलटतपासणी असते. ज्याला आगाऊ म्हटले, त्याला उलट विचारता येते का? ‘मी आगाऊ कसा?’ असे त्याने विचारले की तोच आणखी एक पुरावा. उत्तर देणे हाच गुन्हा ठरवणारा आरोप न्यायाच्या कुठल्याही रीतीत बसत नाही.

वकिलाचा हा मुद्दा वजनदार आहे. उद्धटपणाचा आरोप नम्रपणे उत्तर देऊन खोडता येतो, खोटेपणाचा पुरावा देऊन. आगाऊपणाचा आरोप गप्प राहूनच खोडावा लागतो, आणि गप्प राहिले की आरोप मान्य केल्यासारखे होते. ‘लहान तोंडी मोठा घास’ ही म्हण याच घरातली. घास चांगला की वाईट, खरा की खोटा, याविषयी म्हण काहीच बोलत नाही. ती फक्त तोंडाचे माप काढते. ‘पायीची वहाण पायी बरी’ त्याहून उघड आहे. या म्हणी ज्या समाजात घडल्या त्यात कोण कुठे उभा राहणार हे जन्माने ठरलेले होते आणि पुढे सरकणे हाच अपराध होता.

तरी शिक्षकाचा पक्ष म्हणींवर उभा नाही. पुढे येणारा आणि आगाऊ यांत समाजाला फरक कळतो, असे त्याचे म्हणणे आहे, आणि त्यासाठी जळगावचाच दाखला आहे.

शिक्षक : धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे १९०७ साली जळगावच्या पहिल्या कविसंमेलनात उभा राहिला तेव्हा सतराच्या आतबाहेरचा होता. समोर महाराष्ट्रातले नावाजलेले कवी, अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पोराने त्या सभेत कविता म्हटली. लहान तोंडी मोठा घास म्हणायला याहून योग्य जागा कोणती? पण कुणी त्याला आगाऊ म्हटले नाही. ‘बालकवी’ ही पदवी दिली, आणि पुढे मूळ नाव मागे पडून तेच नाव राहिले. खरे तेज असले की लोक ओळखतात, ताई.

वकील : लोकांनी ओळखले की अध्यक्षांनी ओळखले? कीर्तिकरांचे मन मोठे होते म्हणून त्या धिटाईला पदवी मिळाली. अध्यक्ष कपाळाला आठ्या घालून बसले असते तर कविता तीच, मुलगा तोच, आणि शब्द ‘आगाऊ’. तुमच्याच दाखल्यावरून दिसते की निकाल पुढे येणाऱ्याच्या हातात नसतो. तो खुर्चीवर बसलेल्याच्या हातात असतो.

शिक्षक : खुर्चीवर बसलेल्याने नीट निकाल दिला, हेही त्यातूनच दिसते.

वकील : एका सभेत दिला. ज्या सभांत नाही दिला, त्यांतल्या मुलांची नावे आपल्याला माहीत नाहीत. म्हणून तर ती दाखल्यात येत नाहीत.

बालकवींच्या प्रसंगात दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे, पण वकिलाचा शेवटचा मुद्दा अधिक खोल जातो. ज्यांना वेळीच गप्प केले गेले त्यांची नोंद कुठल्याच भाषेच्या इतिहासात होत नाही. ‘आगाऊ’ या शब्दाने काय वाचवले हे मोजता येते, कारण वर्ग शांत झालेला दिसतो. त्याने काय बुडवले हे मोजता येत नाही.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण इथे टाळून चालणार नाही. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही शेतकरी बाई जात्यावर आणि शेतात ओव्या रचत राहिली. त्यांत देव, दैव, मन, नाती यांच्याविषयी तिने जे म्हटले ते म्हणण्याचा अधिकार त्या काळी पंडितांचा आणि कीर्तनकारांचा समजला जाई. तिला कुणी आगाऊ म्हटल्याचे ऐकिवात नाही. शिक्षकाचा पक्ष याचे श्रेय तिच्या शालीनतेला देईल. वकिलाचा पक्ष म्हणेल की ती पुढे आलीच नाही, तिला पुढे आणले गेले. मुलगा सोपानदेव, स्वतः कवी, आणि आचार्य अत्रे यांनी कविता छापून आणल्या त्या १९५२ साली. बहिणाबाई आदल्या वर्षी, १९५१च्या डिसेंबरात, वारल्या होत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. स्वतःच्या ओव्या घेऊन ती स्वतः जळगावच्या एखाद्या सभेत उभी राहिली असती तर कोणता शब्द तिच्या वाट्याला आला असता, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

खानदेशच्या पंचांगातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात आणि त्या गाण्यांत सासू, दीर, नणंद, नवरा यांचा समाचार घेतात. सासरी यातला एक शब्द उच्चारला तर जे ऐकावे लागेल ते माहेरी त्या सणाला कुणी म्हणत नाही. याचा अर्थ समाजाला बाईचे धीट बोलणे सहन होत नाही असे नाही. त्याला त्यासाठी ठरलेला दिवस आणि ठरलेली जागा हवी असते. आगाऊपणा म्हणजे ती वेळ आणि ती जागा मोडणे.

या टप्प्यावर संवाद मुलींकडे वळतो, आणि इथेच शब्दाची सर्वांत मोठी अडचण उघड होते.

वकील : सर, शब्दाचे वजन बघा. मुलीने विचारले, ‘स्थळ बघायला येणार आहेत ते मला आधी का नाही सांगितले?’ तर ती आगाऊ. प्रश्न तिच्याच लग्नाचा, तरी आगाऊ. आणि कार्यालयात एखादा माणूस सहकारी बाईच्या खांद्यावर हात टाकतो, रात्री नको ते संदेश पाठवतो, तेव्हा वरिष्ठ काय म्हणतात? ‘जरा आगाऊपणा करतो, स्वभावच आहे त्याचा.’ एकीकडे हक्काच्या प्रश्नाला हा शब्द जड पडतो, दुसरीकडे गुन्ह्याला हलका पडतो. ज्या तराजूत गहू आणि सोने दोन्ही चुकीचे मोजले जाते तो तराजू बाजारात कशाला ठेवायचा?

शिक्षक : दुसऱ्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे. तिथे ‘आगाऊपणा’ म्हणणे ही भाषेची चूक आहे, आणि ती चूक मुद्दाम केलेली असते. छळाला छळ म्हणावे. त्यासाठी कायद्याने शब्द दिलेला आहे.

वकील : दिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७चा, आणि कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. पण तक्रार लिहून देण्याआधी बाईला घरातच सांगितले जाते की थोडा आगाऊपणा सगळेच करतात. कायदा तीन महिन्यांत तक्रार करा म्हणतो. तो काळ बऱ्याचदा या एका शब्दाची समजूत घालण्यात जातो.

शिक्षक : मग शब्दाची हद्द आखली पाहिजे. वर्गात पाळी मोडणाऱ्याला आगाऊ म्हणावे. अंगाला हात लावणाऱ्याला म्हणू नये.

वकील : आणि स्वतःच्या लग्नाविषयी विचारणारीला?

शिक्षक : तिलाही म्हणू नये. ती कुणाची पाळी मोडत नाही. उलट तिचीच पाळी मोडलेली आहे.

दोन पक्षांची पहिली सहमती इथे होते, आणि ती लहानसहान नाही. ‘आगाऊ’ हा शब्द ज्याच्या त्याच्या पाळीविषयी बोलतो हे शिक्षकाचे म्हणणे मान्य केले, तर आधी विचारावे लागते की पाळी कुणाची होती. लग्न मुलीचे असेल तर पहिली पाळी तिची. तिला न विचारता ठरवणारे वडीलधारे व्याकरणाने आगाऊ ठरतात, जरी व्यवहारात तसे म्हणण्याची सोय मराठीने ठेवलेली नाही.

धुळ्याकडे विद्वत्तेतल्या अतिधिटाईचाही मोठा दाखला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी तिथे उभे राहिले. मराठ्यांच्या इतिहासाची साधने गावोगाव हिंडून त्यांनी जमवली, त्याविषयी वाद नाही. शब्दांच्या व्युत्पत्तीत मात्र त्यांची झेप अशी होती की रोजच्या मराठी शब्दाचे मूळ ते थेट वैदिक रूपांत शोधत, आणि पुढच्या अभ्यासकांनी त्यांतल्या कित्येक व्युत्पत्ती स्वीकारल्या नाहीत. विवाहसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी लिहिले तेव्हा तर संताप उसळला. त्यांना हेकट म्हटले गेले, विक्षिप्त म्हटले गेले. आगाऊ मात्र कुणी म्हटले नाही, कारण त्यांच्या वर बसून म्हणणारा कुणी नव्हता. त्यांच्या चुकलेल्या व्युत्पत्ती धाडस या सदरात गेल्या. एखाद्या विद्यार्थ्याने तेवढीच सैल व्युत्पत्ती उत्तरपत्रिकेत लिहिली असती तर तिच्यावर लाल शाईने दुसराच शब्द उमटला असता. राजवाड्यांचे मोठेपण यात कमी होत नाही. एकाच प्रकारच्या झेपेला माणसाच्या उंचीप्रमाणे वेगळे नाव मिळते, एवढे यातून दिसते.

बोलीमुळे होणारा गैरसमज हा या विषयाचा आणखी एक कोपरा. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडात जागा मिळाली नाही; १९०७ साली निघालेल्या भागात ती भिल्ल बोलींबरोबर घातली गेली. ते वर्गीकरण पुढे वादाचे ठरले. व्यवहारातला परिणाम वेगळाच आहे. गावातल्या अनेक अहिराणी घरांत वडीलधाऱ्यांशी एकेरीत बोलणे रूढ आहे आणि त्यात अनादर नसतो. असे घर सोडून आलेला मुलगा शहरातल्या महाविद्यालयात किंवा पुण्या-मुंबईच्या कार्यालयात सरळ बोलला की त्याच्या बोलीच्या वळणालाच आगाऊपणा समजले जाते. इथे शिक्षकाचा पक्ष स्वतःहून मागे सरतो. पाळी मोडलेली नसते, कुणाचा मान कमी केलेला नसतो, फक्त आदरार्थी अनेकवचन आलेले नसते. त्याला आगाऊ म्हणणे हा सरळ अन्याय आहे.

शेवटचा वाद शिरीषकुमार मेहतावरून होतो. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी, छोडो भारत चळवळीच्या दिवसांत, हातात तिरंगा घेतलेला हा पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा पोलिसांच्या बंदुकांसमोर मिरवणुकीत उभा राहिला. गोळीबारात तो आणि त्याच्याबरोबरचे चौघे, असे पाच जण गेले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते.

वकील : सर, या मुलाला त्या दिवशी सकाळी घरी किंवा शाळेत कुणीतरी म्हटले असेल का, की हे मोठ्यांचे काम आहे, तू यात पडू नकोस?

शिक्षक : कुणी काय म्हटले ते आपल्याला ठाऊक नाही, आणि त्याच्या तोंडी किंवा इतरांच्या तोंडी शब्द घालू नयेत. पण तुमचा प्रश्न मला कळतो. पंधरा वर्षांचे पोर मिरवणुकीत पुढे जाऊ लागले तर त्याला मागे ओढणारा माणूस मीही असतो. ते ओढणे मायेचे असते, ताई. ‘आगाऊ’ हा शब्द पुष्कळदा भीतीतून येतो. आई म्हणते, आजी म्हणते. ‘आगाऊ कुठला!’ म्हणताना तिचा हात पोराच्या डोक्यावर असतो. तुम्ही या शब्दात फक्त सत्ता पाहता. त्यात काळजीही असते.

वकील : काळजी असते हे मान्य. पण काळजी असेल तर काळजीचे शब्द आहेत की. ‘जपून’, ‘मला भीती वाटते’, ‘थांब, आधी विचार करू’. हे म्हटले की मुलाला कळते, समोरचा माझ्यासाठी घाबरला आहे. ‘आगाऊ’ म्हटले की त्याला कळते, मीच वाईट आहे. भीती मोठ्याची असते आणि दोष लहानाच्या नावावर लागतो.

शिक्षक : हे मात्र खरे. वर्गात मी अनेकदा भीतीलाच शिस्त म्हटलेले पाहिले आहे.

वकील : आणि न्यायालयात मी अनेकदा सत्तेलाच वळण म्हटलेले पाहिले आहे. तरी तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलीसाठी मी हा शब्द ठेवायला तयार आहे. दुसऱ्याची पाळी हिसकावणाऱ्याला दुसरे नाव मलाही सुचत नाही.

दोन्ही पक्ष इथपर्यंत आल्यावर शब्दाचा वापर बराचसा ठरवता येतो. कुणी दुसऱ्याच्या वतीने, त्याला न विचारता बोलला, दुसऱ्याची पाळी किंवा दुसऱ्याचा निर्णय स्वतः घेऊन मोकळा झाला, तर ‘आगाऊपणा’ हे त्या कृतीचे बरोबर नाव आहे. या वापराला वयाची अट नसावी. सुनेच्या नोकरीचा निर्णय तिला न विचारता कळवून टाकणाऱ्या सासऱ्यालाही ते लागू पडते. स्वतःच्या हक्काविषयी विचारणे, चूक दाखवणे, बोलीच्या सवयीने सरळ बोलणे, यांना हा शब्द लावू नये. अंगचटीला येण्याला आणि छळाला तो कधीच लावू नये, कारण तिथे तो गुन्ह्याला झाकतो. आणि शक्यतो माणसाला ‘आगाऊ’ न म्हणता त्या एका वेळच्या वागण्याला ‘आगाऊपणा’ म्हणावे. प्रत्ययाने चिकटवलेला स्वभाव एवढ्या बदलाने सुटतो.

एका बाबतीत मतभेद राहतो. शिक्षकाच्या पक्षाला वाटते की असा नीट वापर शिकवता येतो आणि तो शाळेतच शिकवावा. वकिलाच्या पक्षाला वाटते की शब्द वरून खाली वाहतो तोवर तो शिकवूनही सुधारणार नाही. खालच्याला वरच्याविषयी तो मोकळेपणाने वापरता आला तरच त्याचा तोल येईल. भाषेच्या बाजूने पाहता दुसरे म्हणणे अधिक पटते. ‘धीट’ हा शब्द शिवीतून शाबासकीत आला तो व्याकरणाच्या पुस्तकामुळे आला नाही, बोलणाऱ्यांनी तो वेगळ्या माणसांना वेगळ्या सुरात लावला म्हणून आला. कोशांत ‘आगाऊ’ या शब्दापुढे अर्थाबरोबर एक ओळ वाढवली पाहिजे : बहुधा वयाने, पदाने किंवा मानाने मोठा समजला जाणारा लहान समजल्या जाणाऱ्याविषयी वापरतो. ही ओळ नसेल तर शब्दाचा अर्धाच अर्थ कोशात येतो.